म्युनिक १९३८: चेंबरलेनला इतक्या शिव्या कशासाठी?

रानजाई:
लेकीच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे. विषय 'युद्ध टाळण्यासाठी हुकूमशहाला सवलती द्याव्यात का', उदाहरण म्युनिकचं: तिथल्या करारात ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन आणि फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा सीमेकडचा सुदेतनलँड हिटलरला देऊन टाकला. तिच्या वाट्याला नेमकी चेंबरलेनची बाजू आलीय. काल जेवताना आम्ही तिघंही त्यावरून भांडलो. ६९ वर्षांचा माणूस पंधरा दिवसांत तीनदा विमानाने जर्मनीला जातो, कारण वीस वर्षांपूर्वीच्या युद्धात देशाचे सात लाखांवर जवान गेलेत. त्याला नुसतं भित्रा म्हणून मोकळं व्हायचं? मुद्दे द्या. आजच्या राजकारणावर घसरू नका, प्लीज.

जुना लेजर:
सगळ्यात दणकट मुद्दा विमानांचा. सप्टेंबर १९३८ मध्ये ब्रिटनची नवी लढाऊ विमानं कमीच: स्पिटफायर नुकती कुठे पहिल्या स्क्वाड्रनकडे येत होती, हरिकेनही मोजक्याच. रडारची साखळी अर्धवट. लंडनच्या बागांत खंदक खणत होते, घरोघरी गॅस मास्क वाटले होते. कॅनडा, दक्षिण आफ्रिका वगैरे ब्रिटिश साम्राज्यातली मंडळी चेकोस्लोव्हाकियासाठी लढायला तयार नव्हती. १९४० ची जर्मनीविरुद्धची हवाई लढाई ब्रिटन जिंकलं ते या उसंतीमुळे. इथूनच सुरुवात करायला सांगा, परीक्षक गार!

चौथा गिअर:
उसंत मिळाली, पण ती काय एकट्या ब्रिटनला मिळाली?

मी नोकरीनिमित्त चेक देशात प्ल्झेनला राहिलोय. सीमेकडच्या रानात भटकताना चेकांनी त्या वेळी बांधलेले काँक्रीटचे छोटे बंकर अजून दिसतात, सात-आठ शिपाई मावतील एवढे. मला आधी कळेचना, की शत्रूच्या बाजूला एकही झरोका कसा नाही? तिकडे नुसती जाड भिंत आणि तिला टेकवलेला दगडमातीचा ढीग. मशीनगनचे झरोके दोन्ही कुशींना. म्हणजे आपल्यासमोर कोण आलंय ते आपण बघायचंच नाही. आपण शेजारच्या बंकरपुढची जागा झोडपायची, आपल्यापुढची शेजाऱ्याने. मधला एक गळाला की दोन्हीकडचे उघडे.

असे हजारो बांधले होते. २३ सप्टेंबरला सैन्याची जमवाजमव जाहीर झाली, दहा लाखांवर माणसं हजर झाली. आठवडाभरात म्युनिकला चेंबरलेन, फ्रान्सचे पंतप्रधान दलादिए, हिटलर आणि इटलीचा मुसोलिनी यांनी सह्या ठोकल्या. चेकांचे प्रतिनिधी त्याच गावात हॉटेलात बसवून ठेवले होते. करार त्यांच्या हातात पडला मध्यरात्र उलटल्यावर.

सीमेवरची मुख्य तटबंदी सुदेतनलँडमध्येच, ती एक गोळी न झाडता गेली. (जर्मनांनी मग आपला दारूगोळा तिच्यावर तपासून घेतला.) पाठोपाठ पोलंडने सीमेवरचं तेशेन उचललं, हंगेरीने दक्षिणेचा पट्टा. १५ मार्च १९३९ ला हिटलरने राजधानी प्रागही घेतली. श्कोडा कारखान्याचा तोफखाना, रणगाडे, सगळं आयतं. मे १९४० मध्ये जर्मन सेनापती रोमेलची डिव्हिजन फ्रान्समध्ये घुसली तेव्हा तिच्यात चेक बनावटीच्या रणगाड्यांचा मोठा भरणा होता. लेजरराव, तुमच्या खात्यात ही बाजूही मांडा की.

चेंबरलेन भित्रा नव्हता. माझा राग वेगळा आहे: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! हिटलरने इंग्लंडमधलं केंट मागितलं असतं तर हा गृहस्थ विमानात बसला असता का?

सांजवात:
पण 'हुकूमशहापुढे नमायचं नाही' हा धडा घोकून पुढे काय झालं? फेब्रुवारी १९३८ मध्ये मुसोलिनीशी बोलणी नकोत म्हणून ब्रिटनचं परराष्ट्रमंत्रिपद सोडणारा ईडन १९५६ ला पंतप्रधान होता. इजिप्तच्या नासरने सुवेझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, ईडनला त्याच्यात मुसोलिनी दिसला. फौजा धाडल्या, अमेरिकेने पौंडाची नाडी आवळली, तोंडघशी पडला. कुणी बोलणी करायला बसलं की 'म्युनिक, म्युनिक' ओरडायची जगाला खोडच लागलीय.

चौथा गिअर:
मान्य. नासरने आपल्याच देशातला कालवा घेतला होता, भागधारकांना भरपाईही कबूल केली होती. हिटलरची गोष्टच निराळी. सक्तीची सैन्यभरती १९३५, बंदी असताना ऱ्हाइनलँडमध्ये फौजा १९३६, ऑस्ट्रिया गिळला मार्च १९३८. आणि सप्टेंबरात म्हणतो, युरोपातली ही माझी शेवटची मागणी! एवढा सगळा इतिहास समोर असताना चेंबरलेनने त्याच्यासोबत मैत्रीच्या कागदावर सही केली आणि लंडनच्या विमानतळावर तो फडकवला.

रानजाई:
लेकीने वाचलं, विमानांचा मुद्दा तिने उचललाय. तिचा प्रश्न: एवढी तयारी होती तर चेक एकटे का लढले नाहीत?

चौथा गिअर:
चेकांचा मदतीचा करार फ्रान्सशी होता, आणि रशियाची मदत फ्रान्स आधी उतरला तरच. फ्रान्सनेच हात वर केले. त्यात ऑस्ट्रिया गिळल्यामुळे दक्षिणेची सीमाही जर्मनीला लागलेली, तिथली तटबंदी धड झालेली नव्हती. राष्ट्राध्यक्ष बेनेश यांनी मान तुकवली आणि ५ ऑक्टोबरला राजीनामा दिला.

यावर आमच्या ऑफिसात दोघेजण कायम जुंपलेले असायचे. एकाचे आजोबा त्या जमवाजमवीत होते, त्यांचं शेवटपर्यंत म्हणणं की लढायलाच हवं होतं. दुसरा म्हणायचा, मग युद्धात पोलंडचं वॉर्सा बेचिराख झालं तसंच प्रागही झालं असतं, आणि तू कुठल्या पुलावर उभा राहून सेल्फी काढला असतास?