पिळा मारून टेप गुंडाळली की झालं? घरातल्या वायरिंगचे जॉइंट

चिरेबंदी

काल दुसऱ्या एका धाग्यावर एका सदस्याने ठासून लिहिलं, "लिव्हरवाले कनेक्टर म्हणजे पैसे उडवायचं फॅड. वायर पिळा, टेपचे चार वेढे मारा, घर पडेल पण जॉइंट सुटणार नाही." खाली बरेच जण होकार देऊन गेले. म्हणून हा वेगळा धागा. (लिव्हरवाला कनेक्टर म्हणजे वायर आत घालून छोटी लिव्हर दाबून बंद करायचा जोड.) तो सल्ला वाचून उद्या कोणीतरी गिझरची लाइन तशीच जोडेल.

पिळ्याच्या जॉइंटमध्ये तांब्यावर तांबं दाबून धरतं कोण? तांबंच. घरगुती वायरचं तांबं मऊ असतं. लोड आला की तापतं, फुगतं, लोड गेला की आकसतं, आणि दरवेळी पकड थोडी सैल होते. टेपचा डिंक उष्णतेने पातळ होऊन सरकतो. पावसाळ्यात आमच्या गोव्यातल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती चार महिने ओल धरतात. ती ओल पाइपातून बॉक्समध्ये येते आणि उघड्या तारांवर हिरवा थर चढतो. मग रेझिस्टन्स वाढतो.

हिशेब करून बघा. ३ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर १३ अँपिअर घेतो. जॉइंटचा रेझिस्टन्स फक्त ०.१५ ओहम झाला तरी १३ × १३ × ०.१५ म्हणजे २५ वॅट. बंद प्लास्टिकच्या बॉक्समध्ये सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं. १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) पडणार नाही, कारण करंट जास्त नाहीच, उलट किंचित कमी. आरसीसीबीही (करंट अर्थकडे गळला की पडणारा स्विच) पडणार नाही, कारण फेज आणि न्यूट्रलमधला करंट सारखाच. पहिली सूचना मिळते ती वासाची.

लिव्हर कनेक्टरमध्ये दाब देते स्टीलची स्प्रिंग. तांबं आकसलं की ती मागोमाग येते. मुद्दा एवढाच आहे.

वायरमन_डिचोली

हिशेब बरोबर, पण निकाल चुकीच्या आरोपीवर लावलात. तुम्ही वाईट पिळ्याची तुलना चांगल्या कनेक्टरशी करताय. आयटीआयमध्ये मॅरिड जॉइंट शिकवतात तो असा: दोन्ही वायरी ४० मिमी सोला, तारा छत्रीसारख्या उघडा, एकमेकींत गुंतवा, एक बाजू एका दिशेला घट्ट वळा, दुसरी उलट दिशेला, टोकं पक्कडने दाबून बसवा. मग रोझिनचा फ्लक्स लावून सोल्डर. ॲसिडचा फ्लक्स नको, तो पुढे तांबं खातो. त्यावर टेप ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, तीन थर, आणि दोन्हीकडे इन्सुलेशनवर निदान २० मिमी पुढे. हा जॉइंट सैल होत नाही.

आणि सगळ्यांच्या डोक्यात एकदाच बसू दे: जॉइंट हवाच कशाला? लूपिंग करा. फेज स्विचबोर्डवरून स्विचबोर्डवर, न्यूट्रल पॉइंटवरून पॉइंटवर, जोड फक्त स्विच-सॉकेटच्या टर्मिनलवर. चारशे रुपयांची वायर वाचवायला जंक्शन बॉक्स घालायचे आणि मग कुठला कनेक्टर चांगला म्हणून भांडायचं, हे मला पटत नाही.

शून्य_ओहम

लूपिंगचं मान्य, शंभर टक्के. पण डिचोलीकर, शेवटचा सोल्डर केलेला जॉइंट कुठल्या साइटवर पाहिलात? शिडीवर उभं राहून, फॅन बॉक्समध्ये, डोक्याच्या वर आयर्न धरून सोल्डर कोणी करत नाही. ठेकेदार पॉइंटवर पैसे देतो, वेळेवर नाही. प्रत्यक्षात होतं ते असं: दातांनी सोललेली १५ मिमी वायर, तीन वळसे, दोन वेढे टेप. तुलना त्याच्याशीच करायची.

वायरमन_डिचोली

दातांनी सोलणारा माणूस तुमचा कनेक्टरही तसाच लावणार. अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरच्या चार तारा सोलतानाच तुटल्या तर स्प्रिंग काय करील?

चिरेबंदी

तुटलेल्या तारांचा प्रश्न दोन्हीकडे आहे, म्हणून वायर स्ट्रिपर वापरा. बाकी कनेक्टर लावायची रीत, कारण "तसाच लावणार" या वाक्यात खरी अडचण आहे:

वागो कंपनीच्या २२१ मालिकेच्या लिव्हर कनेक्टरला ११ मिमी सोलायचं. मोजमाप कनेक्टरवरच छापलेलं असतं. लिव्हर पूर्ण उभी करायची, अर्धवट नाही. तारा थोड्या सरळ करून वायर शेवटपर्यंत घालायची. बॉडी पारदर्शक आहे, तांबं टोकाला पोचलेलं दिसलं पाहिजे. लिव्हर खाली, मग प्रत्येक वायर एकेक करून ओढून बघायची. बाहेर तांबं दिसत असेल तर जास्त सोललंय. इन्सुलेशन आत गेल्यामुळे टोक पोचलं नसेल तर कमी सोललंय. ४ स्क्वेअर एमएमपर्यंत मल्टीस्ट्रँड (अनेक बारीक तारांची) आणि सॉलिड (एकाच जाड तारेची) दोन्ही चालतात, रेटिंग ३२ अँपिअर, ४५० व्होल्ट. दीडची, अडीचची आणि चारची एकाच कनेक्टरमध्ये घेता येते, प्रत्येकीला आपली लिव्हर. पिळ्यामध्ये दीडची वायर चारच्या वायरभोवती नुसती गुंडाळली जाते, मधली सरळ राहते, आणि ओढली की निसटते.

आणि ३२ अँपिअर ही कनेक्टरची मर्यादा. दीडची वायर त्याने ३२ ची होत नाही, तिला एमसीबी तिच्या मापाचाच.

अंत्रूजकर

इथे एक भर. दुकानात लिव्हर नसलेले, नुसते ढकलून बसवायचे छोटे कनेक्टर स्वस्त मिळतात. वागोच्या २२७३ सारखे ढकल कनेक्टर सॉलिड वायरसाठी असतात. आपल्याकडची घरगुती वायर बहुतेक मल्टीस्ट्रँड. ती ढकलली की तारा मागे दुमडतात, दोन-चार आत जातात, बाकी बाहेर फुलतात. मग लोक म्हणतात कनेक्टर वाईट.

आणि हुबेहूब दिसणारे नकली लिव्हर कनेक्टर आता सगळीकडे आहेत. लिव्हर दोन-तीनदा उघडली की तिचा कट्ट आवाज बंद होतो, स्प्रिंग ढिली. त्यांच्यापेक्षा चिनी मातीचा स्क्रूवाला कनेक्टर मी कधीही घेईन.

पेडणेकार

स्क्रूवाल्याचंही बघा. प्लास्टिकच्या पट्टीत पितळेची नळी, आणि स्क्रूचं टोक थेट तारांवर फिरतं. मल्टीस्ट्रँड वायरच्या तारा ते कापतं. त्यावर उपाय म्हणून लोक टोकाला सोल्डर चढवून स्क्रू आवळतात, आणि तेच सगळ्यात वाईट. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरत राहतो, काही महिन्यांत स्क्रू सैल. स्क्रूखाली द्यायची तर फेरूल (तारांवर चढवायची धातूची छोटी नळी) क्रिंप करून द्या, किंवा पिन लग. फेरूलही पक्कडने चेपायची नाही, क्रिंपिंग टूलने.

वायरमन_डिचोली

सोल्डर स्क्रूखाली नको, हे बरोबर. मी जॉइंटवर सोल्डर म्हणतोय, स्क्रूखाली नाही. दोन्ही एकत्र करू नका.

आता मला एक सांगा. फॅन ७५ वॅटचा, म्हणजे ०.३३ अँपिअर. एलईडी त्याहून कमी. तुमचं ०.१५ ओहम तिथे मोजलं तर वॅटच्या साठाव्या भागाएवढी उष्णता. फॅन आणि दिव्यांच्या जॉइंटला लिव्हर कनेक्टर लावायचा आग्रह कशासाठी?

चिरेबंदी

उष्णतेपुरतं बरोबर आहे, मान्य करतो. पण फॅन थरथरतो, टेप घासते, आणि बॉक्स लोखंडी असेल तर फेज बॉक्सला लागतो. तिथे कारण उष्णतेचं नाही, इन्सुलेशनचं.

मेगर५००

तुम्ही सगळे फेजबद्दल बोलताय. गोव्यात पावसाळ्यात घर अंधारात जातं ते न्यूट्रलच्या जॉइंटमुळे, आणि ते कोणी बघत नाही.

दर पावसाळ्यात तेच: रात्री आरसीसीबी पडतो, सकाळी ऊन पडलं की बसतो. मग वायरमन येतो आणि आरसीसीबी बायपास करून जातो. हे करणाऱ्याचं लायसन्स काढून घ्यायला हवं. शोधायची पद्धत साधी आहे. सगळे एमसीबी खाली पाडा. तरी आरसीसीबी पडू शकतो, कारण सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. न्यूट्रल कुठेतरी ओल्या जॉइंटमधून अर्थला टेकलेला असतो. मेन बंद करा, न्यूट्रल लिंकवरून (सगळे न्यूट्रल जोडलेल्या पट्टीवरून) एकेक न्यूट्रल सोडवा, प्लग काढा, एलईडी आणि सर्ज प्रोटेक्टर वेगळे करा, मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) प्रत्येक न्यूट्रल ते अर्थ मोजा. १ मेगाओहमच्या खाली जी लाइन आली तिच्यावर ओला जॉइंट आहे. बहुतेक वेळा तो गेटचा दिवा, पंपाची लाइन, नाहीतर अंगणातलं सॉकेट.

वायरमन_डिचोली

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पूर्ण घरावर एकच लावला की तो पडणारच. प्रत्येक एलईडी ड्रायव्हर, कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन थोडं थोडं लीक करतंच. १५ मिलिअँपिअरच्या वर गेलं की पडायला मोकळा. त्यात जॉइंटचा दोष काय?

मेगर५००

म्हणून बाहेरच्या दिव्यांना आणि पंपाला वेगळा आरसीसीबी द्या, घर अंधारात जाणार नाही. पण दोन आरसीसीबी लावले की दुसरी चूक तयार असते: एका जंक्शन बॉक्समध्ये दोन्हीकडचे न्यूट्रल "सगळे काळे एकत्र" म्हणून एकाच पिळ्यात. मग फेज एका आरसीसीबीतून जातो, परत येतो दुसऱ्यातून, आणि दोन्ही पडतात. इथे लिव्हर कनेक्टरचा खरा उपयोग: लिव्हर उचलली, न्यूट्रल वेगळा केला, मोजला, परत लावला. पिळा उकलून परत मारला की तारा तुटतात.

अंत्रूजकर

अर्थिंगचं पण बोला ना. चिऱ्याच्या खडकाळ जमिनीत पाइप पुरून २० ओहम आलं तरी लोक खूश होतात. २३० भागिले २० म्हणजे ११.५ अँपिअर. गिझरची बॉडी फेजला लागली तरी १६ चा एमसीबी हलणार नाही, बॉडीत व्होल्टेज तसंच. तिथे फक्त आरसीसीबी वाचवतो. उन्हाळ्यात जमीन सुकली की २० चे आणखी वाढतात. आरसीसीबी बायपास करणारे हे कधी घरमालकाला सांगतात का?

शून्य_ओहम

अर्थिंगसाठी वेगळा धागा काढा, इथे जॉइंट चाललेत.

मेगर५००

वेगळा नाही, तोच विषय आहे. अर्थची वायर जॉइंटमध्ये सैल असेल तर काहीच दिसत नाही. दिवा लागतो, फॅन फिरतो, गिझर तापतो. फेज-न्यूट्रलला चांगले कनेक्टर घालून अर्थ नुसती पिळून सोडणारे मी सांगतोय ते वाचू देत.

वायरमन_डिचोली

हे मात्र खरं आहे. अर्थला पिळा नको. यावर मी वाद घालणार नाही.

पण लिव्हर कनेक्टर बाहेरच्या गेटच्या बॉक्समध्ये चालतो असं कोणी समजू नका. त्याला पाणी अडवायची कसलीही सोय नाही. किनाऱ्यालगत खारी हवा बॉक्समध्ये शिरली की पितळी स्क्रू जसे जातात तसे हेही जातील.

चिरेबंदी

आतली पट्टी टिन चढवलेल्या तांब्याची आणि स्प्रिंग क्रोम-निकेल स्टीलची आहे, म्हणून पितळ-लोखंडाच्या स्क्रूसारखं लगेच जात नाही. पण पाणी अडत नाही हे बरोबर. बाहेर आयपी ६५ (धूळ-पाणी अडवणारा) बॉक्स, केबल खालच्या बाजूने ग्लँडमधून, वरून एकही भोक नको. केबल आत शिरण्याआधी खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून टपकेल. कनेक्टर जेलने भरलेल्या डबीत.

पेडणेकार

जुन्या कौलारू घरांचं काय? लाकडी पट्टीवरचं ॲल्युमिनियमचं वायरिंग अजून कितीतरी ठिकाणी आहे, आणि खोली वाढवली की तांब्याची वायर तिलाच पिळून पुढे नेतात.

मेगर५००

ते कधीही करू नका, पिळा नाही आणि साधा कनेक्टरही नाही. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर क्षणात येतो आणि तो वीज वाहत नाही. त्यात खारी ओल मिळाली की तांब्याशेजारचं ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन खाल्लं जातं. बनवणाऱ्याने ॲल्युमिनियमला परवानगी दिलेला कनेक्टर आणि त्याचीच पेस्ट असेल तर तात्पुरतं. नाहीतर नव्या खोलीची लाइन थेट डीबीपासून (एमसीबींच्या मुख्य बॉक्सपासून) तांब्याची ओढा.

शून्य_ओहम

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली म्हणून हेही लिहितो. माटोळीला (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या मांडवीला) दिव्यांच्या माळा बांधताना दोन सुट्या वायरी पिळून टेप लावून फळांच्या आणि ओल्या पानांच्या मधून नेतात. ती टेप पहिल्याच दिवशी भिजते. जॉइंट माटोळीच्या बाहेर, भिंतीपाशी, झाकणाच्या बॉक्समध्ये घ्या, आणि ती लाइन आरसीसीबीच्या मागेच असू द्या.

वायरमन_डिचोली

ठीक. गिझर, एसी, पंप आणि अर्थ या चार ठिकाणी लिव्हर कनेक्टर, तोही असली, उघडता येणाऱ्या बॉक्समध्ये. प्लास्टरखाली पुरलेला जॉइंट कुठल्याही प्रकारचा असो, मी पास करणार नाही. फॅन आणि दिव्याला लूपिंग, आणि जिथे जॉइंट टळत नाही तिथे सोल्डर केलेला पिळा. यापलीकडे मी हलणार नाही.

चिरेबंदी

सोल्डर खरोखर होत असेल तर माझी हरकत नाही. पण एक प्रश्न राहतो. मॉड्युलर बॉक्समध्ये पाच वायरींचे दोन कनेक्टर घातले की स्विचची प्लेट बसत नाही, तीन वायरींचा एकच कनेक्टर सुमारे १९ मिमी रुंद. चिरा कापतानाच खोल बॉक्स घ्यावा लागतो. फोंडा-मडगावकडे खोल बॉक्स कुणाकडे नियमित मिळतात?