शिझरचा टाका: उभा बरा की आडवा?

येळ्ळूरची लेक: आईचा टाका बेंबीखालून सरळ उभा. माझा आडवा, परकराच्या नाडीखाली झाकणारा. परवा भाताची रोपं काढता काढता आई म्हणाली, "आमच्या वेळी पोट फाडलं की पोर बाहेर. आता नुसती दिसायची हौस." मला तर पटलं. जिवावर बेतलं असताना उभाच मारावा की!

खानापूरची सिस्टर: हौस कसली हो? उभ्या चिरेनं पोट लवकर उघडतं, रक्तही कमी जातं, हे कबूल. पण नंतरचं कोण बघतंय? दुखणं जास्त, पुढं हर्नियाची भीती. पोटाला उशी दाबून खोकणारी बाळंतीण रोज बघते मी. फानेनस्टील नावाच्या जर्मन डॉक्टरनं 1900 साली आडवी, किंचित कमानीसारखी चीर सांगितली. सव्वाशे वर्षं ती उगीच टिकली काय?

निपाणीचा डॉक्टर: टिकली म्हणून तीच चांगली असं नाही, सिस्टर. जोएल-कोहेन चीर तिच्या थोडी वर आणि सरळ. आतले थर कापण्यापेक्षा बोटांनी फाकवायचे. वेळ, रक्तस्राव, ताप, दुखणं, सगळं फानेनस्टीलपेक्षा कमी दिसलंय. घाईत मी हीच घेतो. उभी घेतो ती वार पिशवीत रुतलेली असली तर, नाहीतर क्वचितच.

खानापूरची सिस्टर: पहिल्या खेपेला ठीक आहे. तिसऱ्या शिझरला आत सगळं चिकटलेलं असतं, तिथं तुमची बोटं काय करणार? शेवटी कात्रीच मागता!

चिकोडीचा दीर: कातड्यावरच किती भांडताय! वर आडवं म्हणजे आत पिशवीवरही आडवंच, असं नसतंय. पिशवीच्या खालच्या भागात आडवी चीर असली तर पुढच्या कळांत ती फाटण्याचा धोका शंभरात एकाहून कमी. वरच्या जाड भागात उभी असली तर 4 ते 9. वहिनीच्या कार्डावर नुसतं 'सिझेरियन'. दुसऱ्या वेळी नॉर्मलची हौस होती, पण आतलं माहीत नाही म्हणून डॉक्टरांनी कळा सुरू व्हायच्या आधीच पोट उघडलं. 'एलएससीएस', म्हणजे पिशवीच्या खालच्या भागात चीर घेऊन केलेलं सिझेरियन, एवढी चार अक्षरं असती तर विचार तरी झाला असता.

निपाणीचा डॉक्टर: यात वाद नाही. तिथं आम्हीच चुकतो.

येळ्ळूरची लेक: माझं कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत सापडलं. एलएससीएस आहे! आईला तिचं विचारलं तर म्हणते, "कसलं कार्ड? पोर दिलं हातात नि घरी धाडलं."