अनुभव धागा: तुमच्या घरातली लक्ष्मी कुठल्या रूपात आहे?

धागा काढायचं कारण सांगते. परवा साताऱ्यात राजवाड्याजवळ दिवाळीची खरेदी चालली होती, कडेला एक मावशी केरसुण्या घेऊन बसलेल्या, मी सवयीनं विचारलं, "मावशी, केरसुणी केवढ्याला?" तर म्हणाल्या, "आज केरसुणी न्हाई म्हणायचं बाई, लक्ष्मी म्हणायचं." घरी येईपर्यंत डोक्यात तेच. फोटोतली लक्ष्मी कमळावर, दोन बाजूंना हत्ती, हातातनं नाणी पडतायत, आणि अमावास्येला आपण पूजतो ती शिंदीच्या पानांची, तिलाच हळदकुंकू, तिच्यापुढं धणे-गूळ, लाह्या-बत्तासे. सासूबाईंचा तिला चुकून पाय लागला तर आजही वाकून नमस्कार करतात. तर आपापल्या घरचं लिहा. पोथीतलं नको, घरातलं हवं.

कराड

ताई, माझी आजी केरसुण्या वळायची. शिंदीची पानं ओढ्याकडनं आणायची, वाळवायची, चोपायची, मग पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून मूठ आवळायची. त्या पानाच्या टोकाला काटा असतो, आजीच्या बोटांना कायम बारीक बारीक चिरा, त्यात मीठ-मिरची गेली की हात झटकायची पण भाकरी थापायची थांबायची नाही. लक्ष्मीपूजनादिवशी भारा डोक्यावर घेऊन घरोघर जायची, बायका दारातच केरसुणीला कुंकू लावून घ्यायच्या, सुपातनं जोंधळे घालायच्या, आणि आजीला मात्र उंबऱ्याच्या आत कुणी बोलवायचं नाही. लक्ष्मी आत, वळणारी बाहेर. हे इतकी वर्षं कुठं लिहिलं नव्हतं, आज लिहावंसं वाटलं. सगळ्यात चांगली केरसुणी ती आधीच बाजूला काढून ठेवायची, "ही इकायची न्हाई, ही आपली." आता आमच्याकडं रोजच्याला प्लास्टिकचा झाडू आहे, पण पूजेला मी शिंदीचीच आणतो, आणि मूठ कशी बांधलीय ते आधी बघतो.

सातारा (धागाकर्ती)

वाचून गप्प झाले दादा. मावशींना मी गाव कुठलं एवढंसुद्धा विचारलं नाही.

हरिपूर, सांगली

आमचं घर कृष्णा-वारणा संगमापासनं जवळ. आजोबांच्या वेळेला हळदीची पेवं होती, म्हणजे जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद आणि आत पोट मोठं. हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड नाही. उघडल्यावर लगेच कुणी उतरायचं नाही, आत जीव गुदमरतो, काही तास तोंड उघडं टाकायचं. तेवढ्या वेळात आजोबा नारळ फोडायचे, आणि पहिलं हळकुंड वर आलं की ते कुणाच्या हातात न देता स्वतः देवघरात नेऊन ठेवायचे, "लक्ष्मी वर आली" म्हणायचे. एकदा मला हळकुंड मोडून दाखवलं, आत गडद केशरी, नखात गेलेला रंग आठवडाभर निघाला नाही. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं. त्या कुजलेल्या हळदीचा वास मला अजून आठवतो, आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा ते असायला हवे होते. त्यांचं एक हळकुंड देवघरात आहे, दर लक्ष्मीपूजनाला आधी त्याला कुंकू.

मिरज

आम्ही कोल्हापूरला जाणारे. अंबाबाईच्या हातात कमळ नाही, नाणी नाहीत, म्हाळुंगाचं फळ आहे, गदा आहे, ढाल आहे, पानपात्र आहे, मागं सिंह उभा. मला लहानपणापासनं हीच आपली वाटते, स्वतःचं राखणारी. नोव्हेंबरात एकदा आईला किरणोत्सवाला नेलं, मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात आणि पायांवरनं वर चढतात. आमच्या वेळेला ढग आले, किरणं कमरेपर्यंतच पोचली. मला फार वाईट वाटलं, आई म्हणाली, "पाय दिसले की."

खटाव

वडील रोज श्रीसूक्त म्हणायचे, अर्थ मी फार उशिरा बघितला. त्यात देवीला 'करीषिणी' म्हटलंय, करीष म्हणजे वाळलेलं शेण! पुढं कर्दमाला विनवणी आहे, तो तिचा मुलगा, आणि कर्दम म्हणजेच चिखल. आमच्या दुष्काळी भागात शेणखत आणि ओल सोडून दुसरी लक्ष्मी कुठली? तेव्हापासनं गोठ्यात दिवा लावताना मला वेगळं वाटतं.

सांगली, गावभाग

खटावच्या दादांनी चिखल म्हटलं म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. गौरीचे शाडूचे मुखवटे खालच्या पेटीत राहिले, पेटी उघडली तर आत नुसता गाळ आणि दोन नथी. तीन आठवडे चिखल उपसत होतो. मी म्हटलं यंदा गौरी नकोत. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आवाहनादिवशी तांब्या घेऊन घाटाकडं निघाल्या, मी मागनं. खड्याच्या गौरी आणताना बोलायचं नसतं, त्यामुळं मला त्यांना थांबवताही येईना. कृष्णेतनंच पाच खडे उचलले. जिनं घर बुडवलं तिच्यातनंच. तांब्या माझ्या हातात दिला. घरी धाकट्या जावेनं हळदीकुंकवाची पावलं काढली होती, वर भिंतीवर पाण्याची रेघ तशीच. तिनं दारात विचारलं, "गौर आली, कशाच्या पावलानं?" उत्तर मी द्यायचं होतं, माझा घसा दाटला, शब्द फुटेना. सासूबाईच मागनं म्हणाल्या, "सोन्याच्या पावलानं." मग आत गेलो. नैवेद्याला शेपूची भाजी आणि भाकरी केली, शेगडी शेजाऱ्यांची होती.