वन्स इन अ ब्लू मून: चंद्र खरंच निळा असतोय का?

खानापूरवाला:
पोरगी सहावीला हाय, इंग्लिश मीडियम. 'वन्स इन अ ब्लू मून' वापरून वाक्य करायचं होतं तर हिनं लिहिलं, काल आमच्या घरावर ब्लू मून आलता 😄 क्वचित एवढा अर्थ मला माहीत हाय, पण चंद्र निळा का? आणि मराठीत ह्याला काय म्हणायचं?

शहापूर_पेठ:
उंबराचं फूल की! वर्षानं कोण दारात आलं की आमची आज्जी म्हणायची "काय रे, उंबराचं फूल झालास". फूल असतंय, पण उंबराच्या आत, फोडल्याबिगर दिसत नाही. शेजारचे कन्नड काका 'अमावास्येगोम्मे हुण्णिमेगोम्मे' म्हणतात, आपलं अमावास्या-पौर्णिमेला तेच. आता ते तर पंधरा दिवसाला येतंय, मग क्वचित कसं, ते विचारू नका.

पंचांगवेडा:
निळाबिळा नसतोय हो. १८८३ ला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला तेव्हा राखेमुळं काही ठिकाणी खरंच निळा दिसला होता, ते सोडा. आता ब्लू मून म्हणजे एका इंग्रजी महिन्यातली दुसरी पौर्णिमा, आणि गंमत म्हणजे हा अर्थसुद्धा १९४६ ला एका अमेरिकन मासिकात झालेल्या चुकीतनं पसरला. पण मुळातलं गणित आपल्या धोंड्याच्या महिन्याचंच हाय, पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस, बारा वेळा केलं की ३५४, वर्षाला ११ दिवस कमी पडतात, ते साठत साठत बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक जादा पौर्णिमा गळ्यात पडते. इंग्रजांनी ती आहे त्याच महिन्यात कोंबली, आपण तिच्यासाठी अख्खा महिना वाढवला आणि वर जावयाला ३३ अनारसे! मराठी महिन्यात दोन पौर्णिमा कधीच येणार नाहीत, बघा पाहिजे तर. २०२३ ला ऑगस्टात ब्लू मून आणि अधिक श्रावण, २०२६ ला १ आणि ३१ मे दोन्ही पौर्णिमा आणि अधिक ज्येष्ठ. दरवेळी असं जुळतंयच असं नाही, पण कारण एकच.

शहापूर_पेठ:
म्हणजे ब्लू मून जावयाचा सण म्हणा की

खानापूरवाला:
थँक्स सगळ्यांना. पोरीला सांगितलं तर लगेच नवीन वाक्य केलं, माझे पप्पा बेळगावहून कुंदा आणतात, वन्स इन अ ब्लू मून. बायको अजून हसूलालीय. उद्या आणतो बाबा.