लिस्बनमधले पहिले दोन दिवस: दोघांसाठी सल्ला हवा आहे

मृद्गंध
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात आम्ही दोघं चार दिवस लिस्बनला जातोय. युरोप पहिल्यांदाच. राहण्याचं ठरलंय, ते सोडून दोघांत मिळून रोजचे ६० युरो. यांचे गुडघे दुखतात. मी शाकाहारी, अंडं चालतं. पहिल्या दोन दिवसांत काय बघावं? आणि २८ नंबरच्या त्या प्रसिद्ध जुन्या ट्राममध्ये बसावं का?

भटकभवानी
२८ मध्ये अजिबात चढू नका! मार्टिम मोनिझच्या थांब्यावर तासभर रांग, आत उभं राहायला जागा नाही. उतरलो तेव्हा नवऱ्याचं पाकीट गेलेलं. कार्डं बंद करण्यात सगळी दुपार गेली.

पक्का_पुणेकर
६० युरोत काय होणार? आयुष्यात एकदा जाणार आहात, हात आखडू नका. आम्ही गाडी आणि गाईड दिवसभरासाठी घेतला, रात्री फादू, म्हणजे तिथली पारंपरिक गाणी, ऐकत जेवलो. दोघांचे १४० युरो फक्त त्या जेवणाचे झाले. एक पैसा वाया गेला नाही.

रानपाखरू
अल्फामा हा शहराचा जुना भाग पायी फिरा, तिथली मजा दुसऱ्या कशात नाही. १७५५च्या भूकंपात खालचं शहर कोसळलं, त्यानंतर तिथे सरळ रस्ते आखले. अल्फामाच्या गल्ल्या मात्र जुन्याच राहिल्या.

भटकभवानी
अहो, त्यांचे गुडघे दुखतात! तिथे चढ आणि पायऱ्याच आहेत. पाऊस पडला की फरशीचे दगड साबणासारखे गुळगुळीत.

गोंयचो_पाव
अवांतर: साबण शब्दही पोर्तुगीजांनीच दिला. चावी, पगार, अननस, बटाटा, इस्त्री, सगळे तिकडचेच. दुकानांच्या पाट्या वाचताना फार मजा येते.

पक्का_पुणेकर
साबण अरबीतून आलाय, उगाच सगळं पोर्तुगीजांच्या नावावर नको.

गोंयचो_पाव
अरबीत आहेच, पण मराठीत कोणत्या वाटेने आला हा प्रश्न आहे. हापूसचं काय म्हणाल? अफोन्सो या पोर्तुगीज नावाचाच ना?

तेजोकाठी
सहा वर्षं इथे राहते, म्हणून लिहिते. प्रवासासाठी दोघांना वेगवेगळं नावेगांत कार्ड लागेल. ते अर्ध्या युरोला मिळतं, त्यावर २४ तासांचा पास भरा. ट्रामच्या चालकाकडचं तिकीट खूप महाग पडतं. किल्ल्यासाठी फिगेइरा चौकातून ७३७ नंबरची बस थेट वर नेते. रुआ दुश फांकेइरुश या रस्त्यावरून सार्वजनिक लिफ्टही आहे, फुकट. गुडघ्यांसाठी ही दोन्ही सोयीची.

जेवायला बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज समोर ठेवतील. खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर लगेच परत पाठवा. ‘काल्दु वेर्द’ हे हिरव्या पानांचं सूप दिसायला शाकाहारी, पण त्यात बहुतेकदा डुकराच्या सॉसेजची चकती असते. विचारून घ्या. दुपारी ‘प्रातु दु दिया’ म्हणजे त्या दिवसाचं ताट स्वस्त पडतं.

२८ ऐवजी १५ नंबरच्या ट्रामने बेलेम भागात जा. तिथला जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो. १५०१ मध्ये बांधकाम सुरू झालं, त्याचा बराचसा खर्च मसाल्यांच्या व्यापारावरच्या करातून निघाला. तिथल्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे.

गोंयचो_पाव
आधी तो कोचीनला पुरला होता, १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला आणले, या मठात मात्र १८८० मध्ये. तिथेच कामोंइशचीही कबर आहे, तो गोव्यात राहिलेला कवी. बेलेम चुकवू नका.

रानपाखरू
तिथली प्रसिद्ध कस्टर्डची पेस्ट्री १८३७ पासूनच्या त्या बेलेमच्या दुकानातच खा. त्यात अंडं असतं.

भटकभवानी
तेजोकाठींना अनुमोदन. २८ नकोच.

मृद्गंध
सगळ्यांचे मनापासून आभार. बेलेम, ७३७ ची बस आणि लिफ्ट वहीत लिहून घेतलं. फादूचं जेवण परवडणार नाही.

पण पहिल्या दिवशी सकाळी आम्ही २८ मध्येच बसणार आहोत. माझे सासरे मुंबईच्या ट्रामवर कंडक्टर होते. ३१ मार्च १९६४ ला मुंबईची शेवटची ट्राम धावली, तेव्हा हे चार वर्षांचे होते. वडिलांच्या खांद्यावर बसून घंटेची दोरी ओढली, एवढंच यांना आठवतं. लिस्बनच्या २८ नंबरच्या ट्राम १९३०च्या दशकातल्या आहेत, हे वाचून यांनीच हे शहर निवडलं. दोन तास रांग असली तरी थांबू. मी घडीचं स्टूल घेतेय.

तेजोकाठी
मग मार्टिम मोनिझला नको, दुसऱ्या टोकाला, कांपु द ओउरीकला चढा. तिथे गर्दी कमी असते, बसायला खिडकी मिळेल. आठच्या आत पोहोचा.

भटकभवानी
आणि पाकीट तुमच्या पर्समध्ये ठेवा, त्यांच्या मागच्या खिशात नको.