तान्ह्या बाळाची कावीळ, शी पांढुरकी, सोनोग्राफी मात्र 'नॉर्मल'

खानापूर_आरोग्यकेंद्र
दीड महिन्याचं बाळ, कावीळ उतरत नाही, शी शाडूसारखी पांढुरकी. अंगावर पितं, वजनही वाढतंय. डायरेक्ट बिलिरुबिन (पित्त अडलं की रक्तात वाढणारा काविळीचा घटक) 5.8, म्हणजे वाढलेलं. बेळगावात सोनोग्राफी झाली, रिपोर्ट आला: 'लिव्हर नॉर्मल, पित्ताशय आकुंचित.' घरचे म्हणतात रिपोर्ट चांगलाय, आधी काविळीचा पाला देऊन बघू. सोनोग्राफी परत सांगू का? चिठ्ठीत काय लिहू?

सोनो_निपाणी
सांगा, आणि उद्याच. शेवटचं दूध कधी पाजलं हे रिपोर्टात नसेल तर त्या आकुंचित पित्ताशयावरून काहीच ठरत नाही. पाजल्यावर ते आकुंचन पावतंच. चार तास उपाशी ठेवा: पहाटे 5 ला पाजून 9 ला स्कॅन. बाळ मलूल असेल तर आधी शुगर बघा, उपाशी काळात सलाइनमधून डेक्स्ट्रोज चालू ठेवा.

चिठ्ठीत 'पोटाची सोनोग्राफी' एवढंच लिहिलंत तर मोठ्यांचा वाकडा प्रोब फिरवून रिपोर्ट मिळेल. 'बिलिअरी अट्रेझियाचा संशय, हाय-फ्रिक्वेन्सी लिनिअर प्रोबने पाहावे' असं स्पष्ट लिहा. (बिलिअरी अट्रेझिया म्हणजे तान्ह्या बाळाच्या पित्तनलिका बंद असणं; लिनिअर प्रोब म्हणजे बारीक भाग स्पष्ट दाखवणारा सरळ प्रोब.) उपाशीपोटीही पित्ताशयाची लांबी 1.5 सेंमीपेक्षा कमी, भिंत खडबडीत किंवा पित्ताशय दिसतच नाही, ही संशयाची खूण. दुसरी म्हणजे पोर्टल व्हेन (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शीर) जिथे दुभागते तिथे उजव्या शाखेच्या पुढच्या बाजूचा पांढरा पट्टा, ट्रायअँग्युलर कॉर्ड. तो 4 मिमीपेक्षा जाड असेल तर संशय पक्का होतो. इथे चूक होते ती शेजारच्या हेपॅटिक आर्टरीसकट (यकृताच्या धमनीसकट) मोजल्याने. आधी कलर डॉपलर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोय) लावून आर्टरी वेगळी करा, मगच कॅलिपर (मोजायच्या खुणा) ठेवा.

सोबत कोलेडोकल सिस्ट (पित्तनलिकेचा फुगवटा) नाही ना, प्लीहा एकच आहे की अनेक, हेही विचारा. सिस्ट असेल तर उपचाराची दिशाच बदलते.

बालरोग_चिकोडी
सरांनी सांगितलेलं सगळं नीट झालं आणि तरी रिपोर्ट नॉर्मल आला, तरी हे बाळ घरी पाठवू नका. पित्ताशय चांगलं दिसूनही अट्रेझिया असू शकतो. शी पांढरी आणि डायरेक्ट वाढलेलं, एवढ्यावर बाल-शल्यचिकित्सकांकडे पाठवायला हवं. कसाई शस्त्रक्रिया (आतडं थेट यकृताला जोडून पित्ताला वाट करून देणारी) वयाच्या 60 दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहतं होण्याची शक्यता जास्त असते. तायी कार्डावरची (कर्नाटकातलं माता-बाल कार्ड) जन्मतारीख बघून दिवस मोजा. दीड महिना म्हणजे हाताशी जेमतेम दोन आठवडे. पाला आणि कोवळं ऊन यांनी हे डायरेक्ट बिलिरुबिन उतरत नाही, दिवस मात्र जातात. हायडा स्कॅनसाठी (पित्त आतड्यात उतरतं का ते दाखवणारी तपासणी) फिनोबार्बिटोन हे औषध सुरू करून पाच दिवस थांबायचं की नाही ते शल्यचिकित्सकांना ठरवू द्या.

निघण्याआधी पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) करा आणि व्हिटॅमिन के चं इंजेक्शन द्या. पित्त आतड्यात पोचत नाही म्हणून ते शोषलं जात नाही, आणि या वयात डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो.

खानापूर_आरोग्यकेंद्र
आशाताई आजच घरी जातायत. शीचा रंग दाखवायला लंगोटाचा फोटो पुरेल का?

बालरोग_चिकोडी
दिवसाउजेडी काढलेला असेल तर पुरेल, ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. शीचा आतला भाग बघा. काविळीची पिवळी लघवी वरून लागून शी पिवळी भासते.

सोनो_निपाणी
आईला आणखी एक सांगायला लावा: बसमध्ये रडलं म्हणून मध्येच पाजलं तर लपवू नका, टेबलावर घेण्याआधी सांगा. चार तास तिथून परत मोजू, पण स्कॅन त्याच दिवशी करू.