सीएनजी जमिनीखालूनच यायला हवा असे नाही
सीएनजी हाही शेवटी जमिनीखालून काढलेला वायूच असल्याने तो बॅटरीवरच्या गाड्यांकडे जाण्याच्या वाटेवरचा तात्पुरता थांबा आहे, असे म्हटले जाते; दुचाकी आणि छोट्या मोटारींपुरते ते मला मान्य आहे. परंतु त्यात इंजिन आणि इंधन यांची गल्लत झाली आहे: इंजिन तेच ठेवून त्यातला वायू दुसरीकडून आणता येतो. इथे इंदूरमध्ये देवगुराडियाला फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झालेला प्रकल्प दररोज 550 टन ओला कचरा पचवून सुमारे 17,000 किलो बायो-सीएनजी तयार करण्याच्या क्षमतेचा आहे. कुजवण्याच्या टाकीतून निघणाऱ्या वायूत मिथेन साधारण निम्म्याहून थोडा अधिक असतो. उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड आणि इंजिनाला गंज आणणारा हायड्रोजन सल्फाइड काढून टाकला, की तोच वायू नेहमीच्या सीएनजी बसमध्ये कोणताही बदल न करता भरता येतो.

मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. या वायूवर सुमारे 400 शहर बसगाड्या चालवण्याची योजना होती; एवढ्या मोठ्या शहराचा ओला कचरा फार तर बससेवेला पुरतो, खाजगी मोटारींना नव्हे. शिवाय हे गणित स्वयंपाकघरात ठरते. आमच्या रामबाग वस्तीत कचरागाडीवाले ओल्या डब्यात प्लॅस्टिकची पिशवी दिसली तर डबा परत करतात, आणि ते योग्यच आहे, कारण टाकीतल्या जिवाणूंना प्लॅस्टिक पचत नाही आणि यंत्रणा तुंबते ती वेगळीच. कचरा वेगळा न करणाऱ्या शहराने असा प्रकल्प आधी उभारू नये.